सुरक्षित डाव की जादा हात?

जळगाव-भुसावळकडे पत्त्यांतला ब्रिज खेळणारे थोडे, पण बोली नक्की पुरी करायची की जोखीम घेऊन जादा हात मिळवायचा, हा वाद मात्र प्रत्येक टेबलावर रंगतो.

बोली चार बदाम, म्हणजे बदाम हुकूम आणि तेरापैकी दहा हात करायचे. आपल्याकडे हुकमाचा एक्का, गुलाम आणि दोन बारकी पानं. समोर भिडूकडे राजा, नव्वी आणि दोन बारकी. हुकमात एकच हात गमावणं परवडतं. राजा खेळून गुलामाची फिनेस घेतली, म्हणजे राणी उजवीकडे आहे असं धरून गुलाम लावला, तर चारही हात मिळू शकतात. पण डावीकडे राणी-दश्शीसह चार पानं निघाली तर दोन जातात. त्याऐवजी आधी एक्का, मग नव्वीकडे बारकं पान. डावीकडच्यानं बारकं टाकलं तर नव्वी लावा. त्याच्याकडे हुकूम नसेल तर राजा, मग गुलामाकडे. विरोधकांच्या पाच हुकमांची वाटणी ४-१ असली तरी एकच हात जातो, आणि अशी वाटणी साधारण २८ टक्के वेळा येते.

टीम सामन्यात तोच डाव दुसऱ्या टेबलावरही खेळतात आणि गुणांच्या फरकाचे इंप करतात; जादा हाताचे ३० गुण म्हणजे १ इंप. व्हल्नरेबल असताना, म्हणजे बुडण्याचा दंड जास्त असताना, बोली एका हातानं बुडाली तर १२ इंप जातात. रावेरकडचा शेतकरी वाऱ्यासाठी केळीबागेभोवती शेवरी लावतो, तसा तिथे मी सुरक्षित डावच खेळेन.

पेअर्समध्ये अनेक जोड्या तोच डाव खेळतात आणि किती जोड्यांना मागे टाकलं एवढंच मोजतात. सगळे चार बदामातच असतील तर फिनेस घ्यावी. आपली बोली इतरांना सापडणं कठीण वाटलं, तर मात्र तिथेही आधी एक्काच.