स्वतःची वेबसाइट की सोशल मीडिया?

धरमपेठेतली माझी मावसबहीण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर लिहिते. सोशल मीडियावरच राहू की वेबसाइट काढू, हा तिचा पेच.

खर्चात सोशल मीडिया सरस, फुकटच. वेबसाइटला दरवर्षी डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता) आणि होस्टिंगचे (म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे) पैसे भरावे लागतात. साइट बनवायचं सॉफ्टवेअर, वर्डप्रेस, तेवढं मोफत. वाचकही सोशल मीडियावर आयते मिळतात, वेबसाइटवर एकेक जोडावा लागतो.

टिकण्याचं मात्र बघा. ऑर्कुट हे सोशल मीडियाचंच एक संकेतस्थळ २०१४ मध्ये बंद झालं. परवा वडशाच्या नाटकांवरचा तिचा जुना लेख सोशल मीडियावर शोधता शोधता चहा गार झाला, लेख सापडलाच नाही. स्वतःचं डोमेन असलं की होस्टिंग बदललं तरी पत्ता तोच राहतो.

रोजच्या चार ओळींना सोशल मीडिया पुरे. अभ्यासून लिहिलेल्या लेखांना स्वतःचं घर हवंच. तिला मी वेबसाइटच सांगितली.