हार्टचे कार्ड, वॉटकिन्सचे कार्ड की ‘न्यू सिरीज’?

एकोणिसाव्या शतकातील कॅलिफोर्नियाची स्टिरिओ छायाचित्रे, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर शेजारी-शेजारी चिकटवलेली आणि जोडभिंगांतून पाहिल्यावर खोलीचा भास देणारी चित्रांची जोडी, जमवू पाहणाऱ्याची नजर बहुधा प्रथम छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांच्या नावावर जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. १८६१ मध्ये १८ बाय २२ इंचांच्या काचांचा अवजड कॅमेरा आणि त्याच्या जोडीला स्टिरिओ कॅमेरा घेऊन त्यांनी योसेमिटीचे खोरे टिपले. १८६४ मध्ये लिंकन यांच्या सहीने ते खोरे कॅलिफोर्निया राज्याच्या रक्षणाखाली गेले, त्यात या चित्रांचाही वाटा मानला जातो. मात्र पुठ्ठ्यावर वॉटकिन्स यांचे नाव छापलेले आहे, एवढ्यावरून चित्र त्यांनीच टिपले असे धरून पैसे मोजणे धोक्याचे आहे.

याचे कारण आल्फ्रेड हार्ट. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे छायाचित्रकार म्हणून त्यांनी १८६० च्या दशकात सिएरा नेवाडा पर्वतरांग ओलांडणाऱ्या लोहमार्गाची ३६४ क्रमांकित स्टिरिओ चित्रे प्रसिद्ध केली. पुढे त्या निगेटिव्ह वॉटकिन्स यांच्याकडे आल्या आणि तीच चित्रे, हार्ट यांचेच क्रमांक ठेवून, वॉटकिन्स यांच्या नावाने विकली जाऊ लागली. त्यामुळे अमेरिकन नदीच्या दरीवर डोंगराच्या कडेने कोरलेल्या केप हॉर्न वळणाचे एकच दृश्य दोन वेगवेगळ्या नावांच्या पुठ्ठ्यांवर सापडते. हार्ट यांच्या नावाचे कार्ड आधीचे आणि श्रेयाच्या दृष्टीने निर्दोष आहे. वॉटकिन्स यांच्या नावाचे कार्ड नंतरचे असले तरी त्याच निगेटिव्हवरून काढलेले अस्सल जुने प्रिंट आहे. विक्रेता दुसऱ्यालाच ‘वॉटकिन्सची दुर्मीळ कलाकृती’ म्हणत असेल, तर त्या विशेषणाचे पैसे देऊ नयेत.

या दोहोंत निवड करताना नावापेक्षा चित्रातील सर्वांत उजळ भाग पाहावा, असे माझे ठाम मत आहे. अल्ब्युमिन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे त्या काळचे छायाचित्र, पिवळे पडते तेव्हा आधी उजळ भागांतले बारकावे जातात. सिएरा नेवाडातल्या डोनर सरोवराच्या परिसरातील हिमदृश्यांत तर बर्फाचे चढउतार पुसले जाऊन नुसता पिवळसर पट्टा उरतो आणि भिंगांतून पाहिल्यावर ती जागा सपाट दिसते. खोलीचा भास हाच ज्या वस्तूचा प्राण आहे, तिच्यात हा दोष मोठा धरला पाहिजे. फिकटलेल्या हार्ट कार्डापेक्षा खणखणीत वॉटकिन्स कार्ड मी केव्हाही घेईन.

तिसरा पर्याय ‘न्यू सिरीज’चा. १८७५-७६ च्या सुमारास वॉटकिन्स कर्जात बुडाले, त्यांची गॅलरी व निगेटिव्ह हातच्या गेल्या आणि आयझाया टेबर हे दुसरे छायाचित्रकार त्यांवरून स्वतःच्या नावाने चित्रे छापू लागले. वॉटकिन्स यांनी मग नव्याने काम सुरू केले आणि त्या कार्डांवर ‘न्यू सिरीज’ असे छापले. ज्याला वॉटकिन्स यांचीच नजर हवी आहे, पण सुरुवातीच्या योसेमिटी कार्डांचा भाव झेपत नाही, त्याने इकडे वळावे. त्यांच्या स्टुडिओतला संग्रह १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतरच्या आगीत जळाला, हे लक्षात घेतले तर विकली जाऊन घरोघरी गेलेल्या या कार्डांना कमी लेखता येत नाही.

खरेपणा तपासायला दहापट भिंग पुरते. अल्ब्युमिन प्रिंटमध्ये कागदाचे तंतू दिसतात, तर नंतरच्या स्वस्त छापील नकलांत ठिपक्यांची जाळी दिसते. मागे छायाचित्रांच्या विक्रीवरील कराचे अमेरिकन महसुली तिकीट असेल तर विक्री १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळातली असण्याचा संभव बळावतो. अर्थात तिकीट मागाहूनही चिकटवता येते, म्हणून त्यावरची शाईची खूण तिकिटाच्या कडेबाहेर पुठ्ठ्यावर उतरली आहे का, ते पाहावे.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्या संग्राहकाने तिन्ही प्रकारांसाठी एक खर्च आधीच धरावा. पावसाळ्यातल्या दमटपणात पुठ्ठ्यावर तपकिरी डाग उमटतात; म्हणून प्रत्येक कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात, सिलिका जेल ठेवलेल्या बंद डब्यात ठेवावे आणि पीव्हीसीची पाकिटे, कितीही स्वस्त मिळाली तरी, वापरू नयेत.