सिटाग्लिप्टिनचं अमाइन: ऱ्होडियम की ट्रान्सअमिनेज?

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधात एकच कायरल अमाइन आहे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन रूपं शक्य असलेला नायट्रोजनचा गट, आणि हवं ते फक्त त्याचं आर-रूप. ते मिळवायचे दोन मार्ग: ऱ्होडियम धातूचा उत्प्रेरक किंवा ट्रान्सअमिनेज, म्हणजे कीटोनवर अमाइन गट बसवणारं एन्झाइम.

जुन्या पद्धतीत कीटोनपासून आधी एनामाइन (दुहेरी बंधाला जोडलेलं अमाइन) बनवायचं, मग ऱ्होडियम-जोसिफॉस उत्प्रेरकावर (जोसिफॉस हा ऱ्होडियमला जोडलेला कायरल रेणू) सुमारे 17 बार दाबाने हायड्रोजन द्यायचा. म्हणजे उच्चदाबाचा रिअॅक्टर आलाच. एनँशिओमेरिक एक्सेस (नको त्या रूपापेक्षा हवं ते रूप किती जास्त, त्याची टक्केवारी) 97 टक्क्यांवर अडतो. त्यामुळे शुद्धतेसाठी पुन्हा स्फटिकीकरण करा, शिवाय उरलेला ऱ्होडियम कार्बनने काढा.

2010 साली मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी जाहीर केलेल्या ट्रान्सअमिनेजमध्ये मूळ एन्झाइमच्या तुलनेत 27 बदल आहेत. मूळ एन्झाइमच्या खाचेत हा कीटोन मावतच नव्हता. लिटरमागे 200 ग्रॅम कीटोन, 6 ग्रॅम एन्झाइम, थोडं पीएलपी (एन्झाइमला लागणारा सहघटक), 1 मोलर आयसोप्रोपिलअमाइन (अमाइन गट देणारं), निम्मं डीएमएसओ (सेंद्रिय द्रावक), 40 ते 45 अंश तापमान. निष्पत्ती 92 टक्के, एक्सेस 99.95 टक्क्यांहून जास्त. जुन्या पद्धतीपेक्षा एकूण कचरा 19 टक्क्यांनी घटला. एन्झाइमच्या प्रक्रियांना ‘पाण्यातली’ म्हणायची पद्धत आहे, पण निम्मं डीएमएसओ असलेल्या प्रक्रियेला तसं म्हणणं जरा अतीच.

अडचण येते समतोलाची, कारण ही अभिक्रिया उलटही चालते. आयसोप्रोपिलअमाइनचं अॅसिटोन होतं. ते भांड्यात साचलं की अभिक्रिया थबकते. म्हणून कमी दाबाखाली किंवा नायट्रोजन फिरवून ते सतत काढायचं. अमाइन खर्ची पडतं, शिवाय थोडं उडूनही जातं, आणि सामू (पीएच) घसरतो, तो 8.5 च्या आसपास ठेवायला अल्कली नव्हे, आयसोप्रोपिलअमाइनच घालायचं. शेवटी प्रथिन न काढता थेट निष्कर्षण केलं, तर दोन थरांमध्ये चिवट फेस धरतो. आधी आम्ल घालून प्रथिन साकळवावं, गाळावं, मगच माध्यम अल्कधर्मी करावं.

आज नव्याने मार्ग निवडायचा तर ट्रान्सअमिनेजच. हायड्रोजनेशन प्लांट आयता उभा असेल, तरच हिशेब पुन्हा मांडावा.