एका रात्रीची गणती की आठवडाभराची?

बेघर माणसांची गणती स्वयंसेवकांच्या बळावर अख्ख्या प्रदेशात करायची, तर आधी पद्धत ठरवावी लागते. एकाच रात्री सगळीकडे फिरून मोजायचं, की आठवडाभर अन्नछत्रं, दवाखाने, निवारे इथे येणाऱ्यांना विचारून?

रात्रीच्या गणतीत तोच माणूस दोनदा मोजला जाण्याची भीती कमी. अमेरिकेत जानेवारीच्या शेवटच्या १० दिवसांतली एक रात्र यासाठी धरतात. भारतात २०११ च्या जनगणनेतही बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि आकडा सुमारे १७.७ लाख आला. पण अंधारात दिसतात ती उघड्यावर झोपलेली माणसं. गाडीत झोपणारं कुटुंब किंवा मार चुकवायला मुद्दाम आडोशाला गेलेला मुलगा सुटून जातो. शिवाय पांघरुणाखाली एक जण आहे की दोन, हे अंदाजानेच लिहायचं. झोपलेल्याला उठवणं मला तरी पटत नाही.

आठवडाभराच्या पद्धतीत माणूस समोर बसून बोलतो. "सोमवारी रात्री कुठे झोपला होतात?" असं ठरलेल्या रात्रीबद्दलच विचारायचं, आणि नावाऐवजी आद्याक्षरं व जन्मवर्ष जुळवून दुबार नोंदी गाळायच्या. यात प्रशिक्षण जास्त लागतं, आणि कुठलीच सेवा न घेणारे निसटतात.

स्वयंसेवक भरपूर असतील तर दोन्ही पद्धती जोडा. स्वयंसेवक कमी आणि प्रदेश खेड्यापाड्यांत विखुरलेला असेल, तर आठवडाभराचीच घ्या. रात्री रिकाम्या रस्त्यांवर मैलोनमैल गाडी फिरवून हाती फारसं काही लागत नाही.