यलोस्टोनची आरव्ही ट्रिप आणि आमचे १५०० डॉलर

जूनमधे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे डॅलसला आले होते, म्हणून ठरलं की यलोस्टोन नॅशनल पार्क दाखवायचं आणि तेही आरव्हीने, म्हणजे चाकांवरच्या घराने, कारण आईला बाहेरचं खाणं चालत नाही आणि दर दोन तासाला बाथरूम लागतं, गाडीतच किचन आणि संडास म्हणल्यावर सगळाच प्रश्न मिटला असं वाटलं. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, तिथून २८ फुटी क्लास सी मोटरहोम (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही), सात रात्री.

लोकांच्या आरव्ही भाड्याने मिळतात अशी ॲप्स आहेत, त्यातल्या एकावर एक चांगली दिसली, रिव्ह्यू पण बरे होते. रिक्वेस्ट टाकली तर अर्ध्या तासात मालकाचा मेसेज, फोन करा. बोलायला एकदम गोड माणूस. म्हणाला ॲपवाले तुमच्याकडून पण फी घेतात आणि माझे पण कापतात, तुम्ही बुकिंग कॅन्सल करा आणि मला थेट बँकेतून ट्रान्सफर करा, ३५० डॉलर कमी लावतो. ३५० डॉलर ऐकून माझी बुद्धी तिथेच गहाण पडली. भाडं दिलं, १५०० डॉलर डिपॉझिट पण तसंच दिलं. बायको विचारत होती की इन्शुरन्सचं काय, तर त्याने एक पानी करार पाठवला, त्यात इन्शुरन्स इन्क्लुडेड एवढंच, कुठल्या कंपनीचा, पॉलिसी नंबर काय, काही नाही. ॲपच्या फीमधे विमा, रस्त्यात बंद पडली तर मदत आणि भांडण झालं तर मधे बोलायला कोणीतरी, हे सगळं येत होतं, ते आम्ही ३५० डॉलरला विकलं. आणि माझ्या स्वतःच्या कार पॉलिसीत भाड्याची मोटरहोम सरळ वगळलेली आहे हे मी घरी परत आल्यावर वाचलं!

गाडी ताब्यात घ्यायची वेळ दुपारी ३ ची होती. आधीचं गिऱ्हाईक उशिरा आलं म्हणत म्हणत रात्री पावणेदहा केले, एका पार्किंग यार्डात, लाईटचा पत्ता नाही, पोरगी खांद्यावर झोपलेली. आता वाटतं की अंधार पण ठरवूनच केला असावा. बाबा एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते, ते मोबाईलच्या उजेडात टायरपाशी वाकले आणि म्हणाले, "अरे, बॅटरी कधीची आहे ते विचार की त्याला." मी म्हणलं, "बाबा चला आता, सकाळी निघायचंय." मालकाने स्वतःच फोनवर व्हिडिओ काढला, टॅबवर माझी सही घेतली. मी एक फोटो काढला नाही, एक.

पार्कमधे पाणी, वीज, ड्रेनेज तिन्ही कनेक्शन असलेलं एकच कॅम्पग्राउंड आहे, फिशिंग ब्रिज (अस्वलांमुळे तिथे तंबू चालत नाहीत). ते फुल होतं म्हणून आम्ही मॅडिसन घेतलेलं, तिथे वीज नाही. उंची ६८०० फुटाच्या आसपास, जूनमधे पण रात्री कडाक्याची थंडी. हीटर गॅसवर चालतो खरा पण त्याचा पंखा चालतो गाडीच्या आतल्या बॅटरीवर, आणि रात्री दीडला तो पंखा हळू हळू होत बंदच पडला. जनरेटर रात्री ८ ते सकाळी ८ लावायला बंदी, मालकाला फोन करावा तर नेटवर्क नाही. आईला दोन स्वेटर, शाल आणि वर पोरीचं ब्लँकेट. बाबा माकडटोपी घालून नुसते बसून राहिले, मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

सकाळी त्यांनी पायरीखालचा कप्पा उघडला, बॅटरीवर सात वर्षांपूर्वीचा स्टिकर. वेस्ट यलोस्टोन गावात जाऊन नवीन घातली, पैसे आमचेच. तिथल्या माणसाने टायर पण दाखवले. टायरवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या नंबरातले शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्यावर होतं १८१४, म्हणजे २०१४ चा अठरावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, कारण आरव्ही वर्षातून थोडीच पळते, पण रबर उभ्या उभ्या सडतं. त्यानंतर बायसन बघितले, ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा उसळता झरा बघितला, पण माझं निम्मं लक्ष टायरकडे, येताना हायवेला ताशी ५५ मैलाच्या वर गेलो नाही.

गाडी परत दिली तेव्हा ऑल गुड म्हणून हात मिळवला त्याने. तीन दिवसांनी ईमेल. बाहेरचं छत म्हणजे ऑनिंग फाटलं ९००, जनरेटरचे जादा तास २४०, साफसफाई ३३०, घाण पाण्याची टाकी रिकामी न केल्याचे १५०, एकूण १६२०, म्हणजे डिपॉझिट तर गेलंच, वर अजून १२० पाठवा. टाकी मी स्वतः डंप स्टेशनवर (घाण पाणी सोडायच्या जागी) रिकामी केली होती, ते काम ज्याने एकदा केलंय तो विसरत नाही. आणि ऑनिंग आम्ही एकदाही उघडलं नव्हतं. पुरावा म्हणून त्याने जो फोटो पाठवला त्यात मागच्या झाडांची पानं पिवळी पडलेली, जूनमधे! हे लिहून पाठवलं तर उत्तरच नाही.

बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर असतं तर निदान डिस्प्यूट टाकता आला असता. ॲपवाले म्हणाले आमच्याकडे तुमचं बुकिंगच नाही, तुम्हीच कॅन्सल केलंय, आणि ते खरंच होतं. शेवटी युटाच्या (सॉल्ट लेक सिटी त्याच राज्यात) ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केलीये, करार आणि त्या पिवळ्या पानांच्या फोटोसकट, बघू.

मागच्या आठवड्यात तीच आरव्ही परत लिस्टिंगला दिसली, मालकाचं नाव वेगळं, रात्रीचा दर दहा डॉलरने जास्त, फोटो नवीन. ओळखायला सोपी आहे, मागच्या बेडजवळच्या पडद्याचा एक हूक तुटलेला दिसतो. तो मात्र खरंच आमच्या पोरीने तोडलाय, आणि नेमकं तेच त्याने बिलात लावलं नव्हतं.