गणपती ते शिमगा: ‘अलीजन्स’ आणि ‘फ्रीस्पेस 2’ सहा महिने वापरल्यावर

दोन्ही अवकाशयानांच्या लढाईचे जुने कॉम्प्युटर गेम. आधी निकाल सांगून टाकतो. दोन्हींत सरस खेळ अलीजन्स, आणि आज कोणी विचारलं तर इन्स्टॉल करायला सांगावा तो फ्रीस्पेस 2. ऐकायला उफराटं वाटतं, पण यात ग्राफिक्सचा काही संबंध नाही. रापण ओढायला दोन्ही दोरांना वीस-तीस हात लागतात. पाचच जण आले तर जाळं कितीही चांगलं असो, ते त्या दिवशी होडीतच राहतं. गरीला मात्र एक माणूस पुरतो. अलीजन्स ही रापण आहे.

हा खेळ मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात तयार झाला आणि 2000 साली बाजारात आला. अवकाशात लढणारी यानं आणि वरून डावपेच आखणारा सेनापती, हे दोन वेगळे खेळ त्यात एकाच मैदानावर आणले आहेत. प्रत्येक बाजूचा एक कमांडर असतो आणि बाकीचे सगळे वैमानिक. नकाशा अनेक सेक्टरांचा असतो आणि ते सेक्टर ‘अलेफ’ नावाच्या दारांनी जोडलेले असतात. मायनर यानं हेलियम-3 खणून आणतात, त्यातून पैसा येतो. त्या पैशावर कन्स्ट्रक्टर मागवायचा आणि तो लघुग्रहाला नेऊन भिडवला की तिथे तळ उभा राहतो. कुठल्या दगडावर काय उभं राहतं तेही ठरलेलं आहे: युरेनियमवर एक्स्पान्शन, कार्बनवर सुप्रिमसी, सिलिकॉनवर टॅक्टिकल. पहिल्यातून शत्रूवर झडप घालणारी इंटरसेप्टर यानं मिळतात, दुसऱ्यातून चांगली फायटर, तिसऱ्यातून लपून जाणारी स्टेल्थ यानं. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत कमांडरने कुठला दगड धरला यावर पुढचा तासभर अवलंबून असतो.

शत्रूचा तळ उडवायची एक चाल जवळून बघा, म्हणजे माणसं का लागतात ते कळेल. बॉम्बर हे यान जड, हळू आणि वळायला आळशी. एक जण ते चालवतो, एक-दोघे त्याच्या टरेटवर, म्हणजे फिरत्या तोफेवर, बसतात. तिघे-चौघे स्काउट ही छोटी यानं घेऊन त्याच्या पाठीला चिकटतात आणि नॅनाइट गनचा मारा स्वतःच्याच बॉम्बरवर करत राहतात, कारण त्या माऱ्याने मोडकं यान दुरुस्त होतं. खेळाडूंच्या भाषेत हे ‘नॅन करणं’. आणखी एक जण पुढे जाऊन शत्रूने पेरलेले प्रोब, म्हणजे टेहळणीची यंत्रं, शोधून उडवतो, नाहीतर तुमची वरात शत्रूच्या नकाशावर आधीच दिसते. दोघे शत्रूची इंटरसेप्टर अंगावर घेतात. हे झाले आठ ते दहा. मायनर राखायला घरी दोघे हवेत, कमांडर वेगळाच. म्हणजे एका बाजूला अकरा ते तेरा आणि दोन्ही बाजू धरून बावीस ते सव्वीस. त्यात सगळ्यात जास्त चुकतं ते नॅन करणाऱ्यांचं: शत्रू दिसला की हात शिवशिवतात, दोघे बॉम्बर सोडून त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात बॉम्बर फुटतो. गोळी न मारता जिंकून देणारं काम करायला माणूस सहजी तयार होत नाही.

यान फुटलं की वैमानिक छोट्या पॉडमध्ये उरतो. जवळचा सोबती उचलून नेईपर्यंत किंवा स्वतः रांगत तळ गाठेपर्यंत तो खेळाच्या बाहेर. मुरलेले खेळाडू शत्रूचा पॉड मुद्दाम फोडत नाहीत, कारण फोडला तर तो लगेच तळावर ताजातवाना उभा राहतो. डाव म्हणून हे उत्तम आहे. नवख्याला मात्र पहिल्या संध्याकाळी निम्मा वेळ काळ्या आकाशात तरंगत काढावा लागतो आणि दुसऱ्या संध्याकाळी तो येत नाही.

या खेळाची वस्ती कशी वाढली आणि कशी ओसरली ते इथेच दिसतं. सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने मोठ्या लढायांना मासिक वर्गणी लावली होती. ज्या खेळाला गर्दी हवी त्याच्या दाराशी तिकीट बसवणं हा पहिला घाव. अधिकृत आधार संपल्यावर 2004 मध्ये सोर्स कोड, म्हणजे खेळाचा मूळ प्रोग्राम, खुला झाला आणि पुढची वर्षं खेळाडूंनीच सर्व्हर चालवले, त्रुटी काढल्या, नवख्यांसाठी शिकवण्या घेतल्या. खेळाची खरी भरभराट या काळातली. पण भरल्या घरातही दोन भांडणं कायम होती. एक म्हणजे ‘स्टॅकिंग’, सगळे तरबेज एकाच बाजूला जाऊन बसणं. त्यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टच्याच ट्रूस्किल पद्धतीवर बेतलेली गुणांकन पद्धत आली. आकड्यांवरून संघ समतोल करता येतात, पण जिंकायची सवय लागलेल्याला हरणाऱ्या बाजूला बसवणारा आकडा अजून निघालेला नाही. दुसरं भांडण कमांडरचं. काम त्याचं सगळ्यात जास्त, आणि हरलं की बोल लावायला सगळ्यांना तोच सापडतो. चांगले कमांडर कंटाळून बाजूला झाले की लॉबीत, म्हणजे डाव लागेपर्यंत जमायच्या जागेत, वीस जण नुसते बसून राहतात, कोणी पुढे होत नाही. वीसचे पंधरा होतात, पंधराने डाव नीट लागत नाही, म्हणून दहा उरतात. आटणं सुरू झालं की ते असं आपल्याच वजनाने खाली जातं. 2017 मध्ये कोड एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आला, स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळ फुकट मिळू लागला, नवी माणसं डोकावलीही. पण पंधरा-सतरा वर्षं मुरलेल्या हातांसमोर त्यांचा निभाव लागेना. आज लॉबी एरवी रिकामी असते आणि खेळ होतो तो ठरवून, बहुधा शनिवार-रविवारी.

ठरवून म्हणजे कोणाच्या वेळेने, हा कोकणातल्या माणसाचा प्रश्न. खेळ अमेरिकेच्या वेळेने ठरला तर तिथल्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की दीड. सोमवारी सकाळची गाडी किंवा बाजार असणाऱ्याने याचा आधीच विचार करावा.

पिंगचंही, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचंही, तसंच. सर्व्हर अमेरिकेत धरला तर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 125 मिलिसेकंद ही निसर्गाचीच जकात. केबल सरळ जात नाही, वाटेत दहा ठिकाणी थांबे, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या वर धरा. 250 मिलिसेकंदांत, सेकंदाला 100 मीटर वेगाने आडवं जाणारं यान 25 मीटर सरकलेलं असतं. इंटरसेप्टर घेऊन समोरासमोर भिडणं इथे नुकसानीचा सौदा आहे. प्रोब पेरणं, नॅन करणं, मायनर राखणं आणि कमांडर होणं, ही चार कामं मालवण-देवगडहूनही चोख होतात. कमांडरला तर नेम लागतच नाही, नकाशा वाचावा लागतो.

आता फ्रीस्पेस 2. व्होलिशनने बनवला, इंटरप्लेने 1999 च्या सप्टेंबरात आणला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, दुकानांत चालला नाही. तो काळच तसा होता, जॉयस्टिक, म्हणजे यान चालवायची काठी, घराघरांतून माळ्यावर चालली होती. 2002 मध्ये व्होलिशनने सोर्स कोड बिगरव्यावसायिक वापरासाठी मोकळा केला आणि हा खेळ वाचला तो तिथे. खेळाडूंनी खेळाचं इंजिन, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, आजवर सुधारत आणलं आहे. त्यावर स्वतंत्र खेळ उभे राहिले, 2012 मधले ‘डायस्पोरा’ आणि ‘विंग कमांडर सागा’ ही त्यातली मोठी नावं. इथे गर्दी ओसरली तरी मोहीम एकट्याने खेळता येते, मिशन एकट्याने लिहिता येतं, त्यामुळे वस्ती विरळ झाली पण दिवा विझला नाही.

बसवायला सोपा आहे. मूळ खेळ गॉग या ऑनलाइन दुकानातून विकत घ्या आणि त्याचा इन्स्टॉलर न उघडता ‘नोसॉस’ या लाँचरच्या हवाली करा. लागणाऱ्या फायली तो स्वतः काढून घेतो. मग ‘मीडियाव्हीपी’ हा सुधारित चित्रांचा संच उतरवून घ्या. तो काही जीबींचा आहे, मोबाइलच्या डेटावर नको. खेळताना शस्त्रांची ऊर्जा इन्सर्ट-डिलीटवर, ढाली होम-एंडवर, यानाचं इंजिन पेजअप-पेजडाउनवर असतं. स्वस्त लॅपटॉपवर यातली निम्मी बटणं एफएन दाबून मिळतात आणि ऐन लढाईत बोटं अडखळतात. पहिल्याच दिवशी ती बदलून घ्यावीत.

चौघा-पाचांनी मिळून, सगळे एकाच बाजूने, सहकारी मिशनं खेळणं हा कोकणातल्या मंडळींना सगळ्यात परवडणारा प्रकार. एका घरात लॅनवर, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवर, काहीच अडत नाही. फक्त सगळ्यांकडे खेळाच्या इंजिनची तीच आवृत्ती आणि तोच मॉड (खेळाडूंनी केलेला बदलांचा संच) हवा, नाहीतर जोडणी होऊनही फायली जुळत नाहीत अशी तक्रार येते. कुडाळचा एक, सावंतवाडीचे दोघे असा खेळ मांडायचा तर यजमानाच्या राउटरवर यूडीपी 7808 हे पोर्ट, म्हणजे बाहेरच्याला आत यायचं दार, उघडं लागतं, आणि गावातल्या फायबरवर इथेच घोडं अडतं. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, 100.64 ते 100.127 या टप्प्यात दिसला तर तुमच्या नावावर स्वतंत्र पत्ता नाही, शेकडो घरं एकाच पत्त्यामागे आहेत. मग राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरचा आत येत नाही. एकतर जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायम पत्ता, घ्यायचा, नाहीतर झीरोटियर किंवा टेलस्केलसारखं आभासी नेटवर्क सगळ्यांनी बसवायचं. दुसरा मार्ग फुकट आहे. यादीत खेळ आपोआप दिसेल याची वाट बघू नका, यजमानाचा आभासी पत्ता हाताने टाका. खेळ मोडेमच्या जमान्यात रचलेला असल्याने डेटा अगदी कमी लागतो, फायबर तुटली तरी फोनच्या हॉटस्पॉटवर निभतं.

आणि फायबर तुटतेच. खांबांवरून, माडा-फणसांतून आलेली केबल पावसात एका फांदीची धनी. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो पण ओएनयू (फायबर जिथे येते तो डबा) आणि राउटर विसरले जातात. दोन्हींसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा, त्याआधी दोन्ही अडॅप्टरांवरचे अँपिअर वाचून बेरीज करावी. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर लॅनची तारही काढा. छपरावरून दुसऱ्या खोलीत ओढलेली तांब्याची तार विजेचा झटका थेट पोर्टात आणते.

जॉयस्टिक हा खर्चाचा आणि डोकेदुखीचा भाग. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, कार्बनच्या पट्टीवर घासणारी धातूची जीभ. खारी दमट हवा आणि धूळ तिच्यावर बसली की मधोमध ठेवलेली काठीही थरथरते आणि यान आपोआप डावीकडे वळू लागतं. पहिला उपाय डेडझोन, म्हणजे मधल्या ज्या पट्ट्यात काठीची हालचाल धरली जात नाही तो, पाच ते दहा टक्के करणं. त्याने भागलं नाही तर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा, काठी वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. गंज सोडवायचं तेलकट स्प्रे मारू नका, चार दिवस बरं वाटतं आणि मग त्यावर धूळ चिकटून पट्टी कायमची जाते. नवीन घेणार असाल तर चुंबकाने हालचाल मोजणाऱ्या हॉल सेन्सरचीच घ्या, त्यात घासणारा भागच नाही. वापर नसताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी, उघड्या फडताळात नव्हे.

अलीजन्स काढून टाकलेला नाही, जागा फारशी घेत नाही. रविवारी रात्री लॉबी उघडायची. वीसेक नावं असली आणि त्यातलं एक कमांडरचं असलं तर हेडसेट लावायचा. नसली तर नोसॉस उघडून अर्धी राहिलेली मोहीम पुढे न्यायची. काठी दोन्हीला तीच चालते.