जोधपूरच्या उन्हात पहिला बोन्साय कोणता: जेड, नांदरूक, बोगनवेल की शमी?

पुतणीची बदली जोधपूरला झाली तेव्हा तिने माझ्या पार्ल्याच्या गॅलरीतला एखादा बोन्साय सोबत नेण्यासाठी मागितला. कुंडीतल्या तुळशीपलीकडे तिने आजवर काही सांभाळलेले नाही, त्यामुळे झाड निवडताना तिथल्या उन्हाइतकाच तिच्या नवखेपणाचाही विचार करणे भाग होते.

मुंबईत वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जोधपुरात त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. मे महिन्यात तिथला पारा चाळिशीच्या वर असतो. मात्र बोन्सायला उष्णतेपेक्षा कोरडी हवा अधिक जाचते, कारण उथळ ट्रेमध्ये दोन-तीन इंचच माती असते आणि सकाळी दिलेले पाणी लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा, वाहू लागल्यावर दुपारपर्यंतही पुरत नाही. म्हणून माझा पहिला निकष असा की, एखाद्या वेळचे पाणी चुकले तर झाड किती तग धरते आणि कोमेजण्याआधी तसे काही दाखवते का.

या निकषावर जेड सर्वांत पुढे आहे. नर्सरीत या एकाच नावाने दोन झाडे विकली जातात: एक मोठ्या, जाड पानांचे क्रासुला आणि दुसरे करंगळीच्या नखाएवढ्या गोल पानांचे, तांबूस कोवळ्या फांद्यांचे पोर्टुलाकारिया आफ्रा. बोन्सायसाठी दुसरे घ्यावे. दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या झुडपी रानातले हे झाड तिथल्या हत्तींचे खाद्य आहे. पाण्याची टंचाई झाली की ते पानांची छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते, त्यामुळे ऐन उन्हात त्यातले पाणी फारसे उडून जात नाही. तहान लागली की पानांवर बारीक सुरकुत्या पडतात आणि पाणी मिळताच ती पुन्हा टरारतात; नवख्या माणसाला एवढी उघड खूण दुसरे कोणतेही झाड देत नाही. आपल्याकडे याच झाडाची मुळे आषाढातल्या झडीत कुजतात, म्हणून मी जूनपासूनच त्याला पावसाच्या माऱ्यातून काढून आत घेतो. जोधपुरात ती चिंता बरीच कमी. उणिवा दोन आहेत: खोड मांसल असल्याने फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेली तार लवकर रुतते आणि झाडाला जुनेपणाची कळा यायला वर्षे जातात. मे-जूनमध्ये दुपारची सावली मात्र त्यालाही द्यावी.

नांदरूक हा खरा वृक्ष, वडाचा भाऊबंद. छाटणी, तार, मुळांची रचना हे सारे शिकायचे तर त्याच्यासारखा शिक्षक नाही, आणि माझे मन अर्थातच त्याच्याकडे झुकते. गेल्या श्रावणात माझ्या नांदरुकाच्या खालच्या फांदीतून दोऱ्याएवढ्या पारंब्या सुटल्या आणि गणपतीपर्यंत मातीला टेकल्या. ही किमया मुंबईच्या दमट हवेची आहे. जोधपूरच्या कोरड्या हवेत तिची आशा धरू नये. उष्णता त्याला सोसते, पण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागते, आणि जागा बदलली की तो रुसून पाने गाळतो. अशा वेळी घाबरून पाणी वाढवले तर मुळे जातात. बाजारात मिळणारे फुगीर मुळांचे ‘जिनसेंग’ फायकस त्याचेच रूप आहे; ते जगते, पण त्याला वृक्षाचा डौल आणणे अवघड असते.

फुलांची हौस असेल तर बोगनवेल घ्यावी. तिला भरपूर ऊन आणि पाण्याची थोडी ओढ लागते, म्हणजे मुंबईच्या पावसात नुसती पानांनी माजणारी ही वेल तिथे अधिक बहरेल. तिची मुळे मात्र नाजूक असतात, त्यामुळे कुंडी बदलताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. फांद्याही एकदा जून झाल्या की वाकवताना कडकन मोडतात, म्हणून तार कोवळेपणीच बांधावी. अडेनियम तिथे आनंदाने वाढेल, पण ते झाडापेक्षा कंदच जास्त वाटते आणि त्याचा चीक विषारी असल्याने लहान मुलांच्या घरी मी ते सुचवत नाही.

ज्युनिपर हा थंड प्रदेशातला सूचिपर्णी वृक्ष टाळावा. चित्रातला बोन्साय म्हणून सर्वांना त्याचाच मोह पडतो, मलाही पडला होता. विक्रेत्याने ‘कुठेही जगतो’ म्हणून दिलेला माझा ज्युनिपर मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवाच दिसत होता आणि मी त्याला इमानेइतबारे पाणी घालत होतो. त्याला थंडीतली विश्रांती लागते. मुंबईत ती मिळत नाही, आणि जोधपूरचा हिवाळा त्या मानाने फार आखूड आहे.

राहिली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच राजस्थानची खेजडी, त्या राज्याचा राज्यवृक्ष. त्या मातीत तिच्याइतके मुरलेले झाड दुसरे नाही. तरीही पहिला बोन्साय म्हणून मी ती देणार नाही. पाण्याच्या शोधात खोलवर सोटमूळ धाडणे हा तिचा स्वभाव आहे आणि उथळ ट्रे नेमका त्याच्या आड येतो. रोप खोल कुंडीत ठेवून, मूळ टप्प्याटप्प्याने छाटत बरीच वर्षे काढावी लागतात. शिवाय ती इथून न्यायची गरजच काय?

झाड कोणतेही असो, मुंबईची माती बदलून द्यावी. आपल्या नर्सरीतले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तिथे एकदा खडखडीत वाळले की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी मुळांना न भिजवताच खाली निघून जाते. जेडसाठी मी विटांचा चाळलेला चुरा आणि भरड वाळू मिळून तीन भाग व शेणखत एक भाग असे मिश्रण वापरले, आणि काळ्या ट्रेऐवजी फिक्या रंगाची, थोडी खोल कुंडी घेतली. पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. तो दिसला की भोकांतून वाहून जाईल इतके पाणी घालून माती धुवावी.

दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर, जेड सूर्यनगरी एक्सप्रेसने पुतणीबरोबर गेले. निघण्यापूर्वी चार दिवस त्याला पाणी दिले नव्हते आणि फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. तिथे पहिले पंधरा दिवस त्याला फक्त सकाळचे ऊन द्यायला सांगितले आहे. नांदरूक माझ्याकडेच आहे. तिच्या घरी दोन्ही वेळा पाणी घालणारे कोणी असेल, तेव्हाच तो पाठवायचा असे आमचे ठरले आहे.